टार्बटचे जुने चर्च आणि त्याखालचा पिक्टांचा मठ

स्कॉटलंडच्या ईशान्येला, ईस्टर रॉस भागात, टार्बटचे द्वीपकल्प समुद्रात शिरले आहे. त्याच्या एका अंगाला डॉर्नॉकचे आखात, दुसऱ्या अंगाला मॉरेचे आखात आणि टोकाला रॉबर्ट स्टीव्हन्सनने उभारलेले १८३० चे दीपगृह. डॉर्नॉकच्या बाजूला पोर्टमाहोमॅक हे लहानसे बंदर आहे. पूर्व किनाऱ्यावरचे गाव असूनही त्याचे तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे उत्तर समुद्राच्या वाऱ्यापासून होड्यांना येथे आसरा मिळतो. गावाच्या कडेला, जुन्या कबरींच्या आवारात संत कोल्मनच्या नावाचे टार्बटचे जुने पॅरिश चर्च आहे. १९९९ पासून त्यात टार्बट डिस्कव्हरी सेंटर हे संग्रहालय चालते. त्याचा मुख्य विषय पिक्ट लोक, आणि विशेषतः या चर्चच्या खाली व भोवती सापडलेला त्यांचा मठ. पिक्टांचा मठ एवढ्या विस्ताराने उत्खननात उघडा पडण्याची ही पहिलीच वेळ होती.

पिक्टांविषयी जे लिखित साहित्य उरले आहे, ते जवळजवळ सगळे इतरांनी लिहिलेले. इ.स. २९७ च्या एका रोमन स्तुतिभाषणात त्यांचे नाव प्रथम येते आणि तेही शत्रू म्हणून. रोमन साम्राज्याच्या सीमेपलीकडे, फोर्थच्या आखाताच्या उत्तरेला त्यांची राज्ये होती. आयोना बेटावरील मठाचा मठाधिपती अडोम्नान याने इ.स. ७०० च्या सुमारास त्या मठाचा संस्थापक संत कोलंबा याचे चरित्र लिहिले. त्यात सहाव्या शतकातील पिक्ट राजा ब्रिडेई आणि नेस नदीजवळचा त्याचा कोट यांचे वर्णन येते. इंग्रज धर्मोपदेशक आणि इतिहासकार बीड सांगतो, की आठव्या शतकाच्या आरंभी नेख्तान या पिक्ट राजाने जॅरोच्या मठाधिपतीकडे दूत पाठवून ईस्टरच्या तारखेविषयी मार्गदर्शन आणि दगडी चर्च बांधू शकणारे गवंडी मागितले. ६८५ मध्ये पिक्टांनी नॉर्थंब्रियाचा राजा एकफ्रिथ याला रणांगणावर ठार केले, हेही कळते ते बीड आणि आयरिश बखरींमधून. पिक्टांच्या स्वतःच्या हातचे म्हणावे असे काय उरले? राजांच्या नावांची यादी, आणि दगड.

हे दगड मात्र विलक्षण आहेत. चंद्रकोर आणि मोडलेला बाण, दोन चकत्या आणि त्यांतून जाणारी वाकडी काठी, आरसा आणि फणी, सोंडेसारखे तोंड असलेला एक अनोळखी प्राणी अशी चिन्हे पूर्व आणि उत्तर स्कॉटलंडभर पुन्हा पुन्हा येतात. १९०३ मध्ये जोसेफ अँडरसन आणि जे. रोमिली अॅलन यांनी या सगळ्या शिळांची नोंद करणारा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. केवळ चिन्हे कोरलेले ओबडधोबड दगड, चिन्हे आणि क्रूस दोन्ही असलेल्या घडीव शिळा, आणि चिन्हांविना फक्त क्रूस असलेल्या शिळा, असे त्यांनी पाडलेले तीन वर्ग आजही अभ्यासकांच्या बोलण्यात असतात. चिन्हांचा अर्थ अद्याप सर्वमान्य झालेला नाही. तरीही ज्या कारागिरांना ही रेषा साधली त्यांना रानटी ठरवण्याची जुनी सवय बराच काळ टिकली. अंग रंगवणारे, डोंगरात राहणारे लोक अशी त्यांची प्रतिमा रोमनांनी रूढ केली होती. पिक्ट मुळात सिथियातून आले अशी कथा बीडने नोंदवली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासात, ज्यात याच द्वीपकल्पावरील बाल्नटोर येथील अस्थींचाही समावेश होता, या कथेला आधार मिळाला नाही. पिक्ट हे ब्रिटनमधल्याच लोहयुगीन लोकांचे वंशज दिसतात.

टार्बटच्या कबरस्तानात कोरीव दगडांचे तुकडे निघतात, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. कबर खणताना, भिंत दुरुस्त करताना, धर्मगुरूच्या घराची बाग नांगरताना ते हाती लागत. त्यांतला सर्वांत बोलका दगड म्हणजे लॅटिन लेख असलेला एक तुकडा. त्यावरची अक्षरे खोदलेली नाहीत. भोवतालचा दगड तासून ती उठावात आणली आहेत. येशू ख्रिस्ताच्या नावाने, रेओटेटी नावाच्या पुरुषाच्या स्मरणार्थ हा क्रूस उभारल्याचे त्यात म्हटले आहे. अक्षरांची ठेवण त्या काळच्या उत्तम हस्तलिखितांतील मोठ्या अक्षरांसारखी आहे. म्हणजे दगड घडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सजवलेले ग्रंथ होते, किंवा निदान ते पाहिलेल्या माणसाने त्याला अक्षरे रेखून दिली होती. १८८९ मध्ये याच आवारात चांदीची कडी आणि नाणी यांचा एक ठेवा मिळाला. तो इ.स. १००० च्या सुमाराचा, व्हायकिंग काळातला आहे. या सुट्या वस्तूंची संगती लावायला मात्र आणखी शंभर वर्षे जावी लागली.

ती लागली ती विमानातून. १९८४ मध्ये घेतलेल्या हवाई छायाचित्रांत चर्चभोवतीच्या शेतातील पिकांत एक गडद पट्टा दिसला. गाडल्या गेलेल्या खंदकाच्या ओलीवर पीक अधिक जोमाने वाढते, त्यामुळे जमिनीखालची रेषा वरून उमटते. हा पट्टा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा होता आणि त्याने चर्चसह मोठे आवार वेढले होते. आयोनावरील कोलंबाच्या मठाभोवतीही अशाच प्रकारचा खंदक आणि बांध आहे. त्या साम्यामुळे शंका बळावली, १९९१ मध्ये चाचणीसाठी खोदकाम झाले, आणि १९९४ पासून यॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक मार्टिन कार्व्हर यांच्या नेतृत्वाखाली मोठे उत्खनन सुरू झाले. कार्व्हर यांनी त्याआधी सटन हू येथील अँग्लो-सॅक्सन राजदफनांचे उत्खनन केले होते. टार्बटचे काम २००७ पर्यंत चालले.

चर्चची इमारत तोपर्यंत मोडकळीला आली होती. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. हायलँड्समधील बहुतेक भाविक तेव्हा फ्री चर्चमध्ये गेले, आणि टार्बटचेही तसेच झाले. जुन्या चर्चला मग पूर्वीचे दिवस आले नाहीत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर तेथील उपासना कायमची थांबली. छप्पर गळू लागले, खिडक्या फुटल्या. १९८० मध्ये गावकऱ्यांनी टार्बट हिस्टॉरिक ट्रस्ट स्थापन करून इमारत वाचवण्याचे काम अंगावर घेतले. जीर्णोद्धार आणि उत्खनन यांची सांगड घातली गेली, ही या प्रकल्पातली सर्वांत मोलाची गोष्ट. जुनी फरशी काढायचीच होती, तेव्हा तिच्याखालचे सगळे थर शास्त्रीय पद्धतीने तपासले गेले, भिंतींची बारकाईने नोंद झाली, आणि मगच इमारत पुन्हा उभी राहिली. एरवी दुरुस्तीच्या घाईत जमिनीतला पुरावा कायमचा नष्ट होतो. येथे दुरुस्तीनेच तो बाहेर आणला.

मिळालेल्या पुराव्यानुसार येथील वस्ती सहाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. आरंभी कार्व्हर यांना वाटले होते, की कोलंबाच्या काळातच येथे मठ स्थापन झाला असावा. कालमापनाचे सगळे निष्कर्ष हाती आल्यावर त्यांनी हे मत बदलले. २०१६ च्या अंतिम अहवालानुसार पहिली सुमारे सव्वाशे वर्षे ही बड्या घराण्याची जहागीर होती आणि मठ सातव्या शतकाच्या अखेरीस, ६८० च्या आसपास उभा राहिला. उत्खननकर्त्याने आपलेच गाजलेले मत पुराव्यासमोर मागे घ्यावे, यात या कामाचा खरा कस दिसतो.

मठाच्या काळातील दफने चर्चच्या आत आणि आसपास मिळाली. कित्येक कबरींना दगडी फरश्यांच्या कडा होत्या, तर काहींत डोके स्थिर राहावे म्हणून दोन्ही बाजूंना दगड लावले होते. पुरलेले जवळजवळ सगळे पुरुष होते, आणि त्यांतले बरेचसे मध्यमवयीन किंवा वृद्ध. स्त्रिया आणि मुले नाहीत म्हणजे हे गावाचे दफनस्थान नव्हे, हे उघड होते. चर्चपासून खालच्या शेताकडे फरसबंदी रस्ता जात असे आणि त्याच्या दोन्ही कडांना पाण्याचे चर होते. ओढा अडवून तळे केले होते. वस्तीत धान्य वाळवण्याची भट्टी होती.

रस्त्याच्या एका बाजूला धातूकाम चाले. तेथे मातीच्या मुशी, ओतकामाचे साचे, काचेचे खडे आणि धार लावायचे दगड मिळाले. चांदी आणि कांसे येथे वितळवले जाई. काचेच्या खड्यांचा आकार पाहता ते चर्चमधील मौल्यवान पात्रांवर किंवा अवशेषपेट्यांवर बसवण्यासाठी असावेत. हे सगळे महत्त्वाचेच, पण अशा कार्यशाळा आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये इतरत्रही मिळाल्या आहेत.

रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जे निघाले ते उत्तर युरोपात कोठेच मिळाले नव्हते. सुरुवातीला तेथील वस्तूंचा मेळ बसेना. गुरांच्या पायांच्या हाडांच्या, एका टोकाला तासलेल्या खुंट्या ओळीने रोवलेल्या होत्या. गुळगुळीत लहान गोटे ढिगाने मिळाले. प्यूमिस दगडाचे तुकडे होते. चांभाराच्या रापीच्या वळणाचे, अर्धचंद्रासारखे एक लोखंडी पाते होते. दगडांनी बांधून काढलेली टाकी होती. आणि राखेत अतिशय बारीक, गोल वेटोळ्यांची कवचे होती. समुद्री शेवाळाला चिकटून राहणाऱ्या एका सूक्ष्म किड्याची ती कवचे. शेवाळ जाळले तेव्हा त्याच्याबरोबर तीही राखेत आली.

या सगळ्यांचा अर्थ एकाच उद्योगात लागतो, तो म्हणजे लिहिण्यासाठी चर्मपत्र तयार करण्याचा. चर्मपत्राचे कातडे चपलेच्या कातड्यासारखे कमावत नाहीत. वासराचे कातडे क्षाराच्या पाण्यात भिजत घालून केस सैल करतात. इतरत्र त्यासाठी चुना वापरत. टार्बटला चुन्याऐवजी शेवाळाच्या राखेचा क्षार वापरला असावा, समुद्र दाराशीच होता. मग कातडे ताणून बांधायचे. दोरी थेट कातड्याला बांधली तर ते फाटते. म्हणून कडेच्या घडीत गोटा गुंडाळून त्याभोवती दोरी आवळतात आणि दुसरे टोक खुंटीला बांधतात. ताणलेले कातडे वक्र पात्याने दोन्ही बाजूंनी खरवडायचे, सुकत जाईल तसतशी दोरी पुन्हा आवळायची, आणि शेवटी प्यूमिसने घासून पृष्ठभाग लेखणीसाठी नरम करायचा. ताण आणि सुकणे यांमुळे कातड्यातील तंतूंची रचना बदलते आणि पातळ, टिकाऊ, शाई धरणारे पान हाती येते. त्या काळी संपूर्ण बायबलसारख्या मोठ्या ग्रंथाला शेकडो वासरांची कातडी लागत. म्हणजे चर्मपत्राच्या कार्यशाळेमागे मोठे खिल्लार, भरपूर चराई आणि ते सांभाळणारी माणसे असणे आले.

येथे तयार झालेल्या पानांवर लिहिलेले एकही पुस्तक आज निश्चितपणे दाखवता येत नाही. पण ज्यांनी लिहिले नाही असे ज्यांच्याविषयी शतकानुशतके मानले गेले, त्यांच्या मठात लेखनाचे साहित्य पद्धतशीरपणे बनत होते, एवढे तरी आता निर्विवाद आहे. रेओटेटीच्या दगडावरची अक्षरे हस्तलिखितासारखी का दिसतात, हेही त्याबरोबर उलगडते. गुरांचे महत्त्व शिल्पांतही उतरले आहे. एका शिल्पखंडावर बैल, गाय आणि तिचे वासरू कोरले आहे, आणि गाय वासराला चाटते आहे. धर्मशिल्पात असा घरगुती जिव्हाळा क्वचितच दिसतो. वासरांवरच ज्यांच्या ग्रंथांची मदार होती, त्यांनी तो कोरावा हे अर्थपूर्ण आहे.

उत्खननात आणि त्यापूर्वी मिळून येथे दोनशेहून अधिक शिल्पतुकडे गोळा झाले. एका दगडी शवपेटीच्या झाकणावर सिंह आणि रानडुक्कर आहेत. दुसऱ्या एका शिळेच्या एका अंगावर धर्मपुरुषांची रांग आहे आणि दुसऱ्या अंगावर सर्पाकृती ड्रॅगन. यांतले काही दगड नंतरच्या चर्चच्या पायात आणि भिंतींत चिरे म्हणून बसवलेले सापडले.

याच द्वीपकल्पावर निग, शँडविक आणि हिल्टन ऑफ कॅडबॉल येथे पिक्टांच्या तीन भव्य क्रूसशिळा उभ्या होत्या. निगच्या शिळेच्या माथ्यावर वाळवंटातले संत पॉल आणि अँथनी आहेत आणि त्यांना भाकर आणून देणारा पक्षी. हिल्टनच्या शिळेवर घोड्यावर एका बाजूला पाय सोडून बसलेली स्त्री आणि शिकारीचा देखावा आहे. कार्व्हर यांच्या मते या शिळा मठाच्या जमिनीच्या हद्दी दाखवत आणि समुद्रावरून येणाऱ्यांना लांबून दिसत. हे मत सगळ्यांनी स्वीकारले आहे असे नाही, पण विखुरलेल्या शिळांमागे एकच संस्था पाहण्याची दृष्टी त्यातून मिळाली.

इ.स. ८०० च्या आसपास कार्यशाळा जळून गेल्या. चर्मपत्राच्या अंगणावर कोळसा आणि राख यांचा थर आहे. त्या थरावर फोडलेल्या शिल्पांचे तुकडे पडलेले आढळले, त्यांच्या कडा ताज्या मोडीच्या होत्या. काही पुरुषांच्या कवट्यांवर धारदार शस्त्राचे घाव आहेत. या काळात व्हायकिंगांच्या धाडी किनाऱ्या-किनाऱ्याने चालू होत्या. लिंडिसफार्नच्या मठावर ७९३ मध्ये, तर आयोनावर ७९५ नंतर वारंवार हल्ले झाले. टार्बटवरील हल्ल्याची नोंद एकाही बखरीत नाही. तो कळतो केवळ जमिनीतून.

हल्ल्यानंतर जागा ओस पडली, असे मात्र झाले नाही. धातूकाम लवकरच पुन्हा सुरू झाले, पण घडणाऱ्या वस्तू बदलल्या. धार्मिक पात्रांच्या जागी वजने आणि अंगावर वापरायच्या साध्या वस्तू येऊ लागल्या, म्हणजे कारागीर टिकले आणि गिऱ्हाईक बदलले. चर्मपत्राचे काम परत उभे राहिले नाही. नवव्या शतकाच्या मध्यापासून स्कॉटलंडची राजसत्ता केनेथ मॅक अल्पिनच्या वंशाकडे गेली, गेलिक भाषेचा प्रसार झाला आणि पिक्ट हे नाव हळूहळू कागदपत्रांतून नाहीसे झाले. टार्बटला शेती आणि व्यापार चालू राहिला.

बाराव्या शतकात त्याच जागी पॅरिश चर्च बांधले गेले. आता दफनांत स्त्रिया आणि मुलेही दिसू लागतात. चर्चमध्येच घंटा ओतल्याचा खड्डा मिळाला. १४८० च्या दशकात रॉस आणि मॅके या घराण्यांच्या वैरात मॅके पक्षाच्या लोकांनी चर्चचा आसरा घेतला आणि रॉस पक्षाने ते पेटवले, असे परंपरा सांगते. भिंतींवर आणि थरांत मध्ययुगीन आगीच्या खुणा मिळाल्याने ही कथा निराधार नसल्याचे दिसते. मध्ययुगातल्याच एका कबरीत दोन पुरुषांचे सांगाडे आणि त्यांच्याशिवाय आणखी चार कवट्या निघाल्या. एका प्रतिष्ठित कुळाने आपल्या पूर्वजांची डोकी जपून एकत्र ठेवली असावीत, असा याचा अर्थ लावतात.

१५६० च्या धर्मसुधारणेनंतर चर्चची आतली रचनाच पालटली. वेदीऐवजी प्रवचनाला मान आला, आणि उपदेशकाचे आसन लांब भिंतीच्या मध्यावर गेले. उत्तरेला एक दालन जोडले गेल्याने इमारत टी अक्षराच्या आकाराची झाली. १७५६ मध्ये ती बरीचशी नव्याने बांधली गेली. पश्चिमेच्या भिंतीवरची घंटेची दगडी घुमटी तिची ओळख बनली. आतले लाकडी सज्जे जमीनदारांच्या घराण्यांसाठी आणि वाढत्या लोकसंख्येसाठी होते. पूर्व टोकाखालचे कमानदार तळघर या सगळ्या बदलांतून टिकले. आजच्या इमारतीतला तो सर्वांत जुन्या भागांपैकी एक आहे.

संग्रहालयात येणाऱ्याला म्हणूनच एकाच छपराखाली अनेक काळांतून जावे लागते. शिल्पांचे तुकडे, कार्यशाळांतील हत्यारे, काही मूळ वस्तू आणि काही प्रतिकृती मध्यभागी आहेत. सज्ज्यांत गावाचा अलीकडचा इतिहास आहे. तळघरही पाहता येते. वस्तू जिथे सापडल्या तेथून त्या काही पावलांवर आहेत, हे राजधानीतल्या कोणत्याही दालनाला साधणारे नाही. अर्थात सगळेच येथे राहिलेले नाही. रेओटेटीचा दगड एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हिल्टनच्या शिळेची कथा तर आणखी वळणांची. सतराव्या शतकात तिच्या क्रूसाची बाजू तासून सपाट केली गेली आणि तिच्यावर १६७६ च्या तारखेचा स्मृतिलेख कोरला गेला. एकोणिसाव्या शतकात ती इन्व्हरगॉर्डनच्या वाड्यात गेली. १९२१ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिली गेली आणि स्कॉटलंडमध्ये संताप उसळल्यावर त्याच वर्षी एडिनबरोला परतली. २००१ मध्ये हिल्टनला तिचा जमिनीत राहिलेला खालचा भाग निघाला. तो परिसरातच राहावा असा आग्रह गावकऱ्यांनी धरला, आणि तो आता शेजारच्या बाल्नटोरमधील सार्वजनिक सभागृहात आहे.

उत्खनन संपले तरी अस्थींचा अभ्यास चालू राहिला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक विश्लेषणातून असे दिसले, की मठातील माणसे समुद्राच्या काठी राहूनही मासे फारच कमी खात. त्यांच्या आहारात जव, मांस आणि दूध यांसारखे जमिनीवरचे अन्न होते. मध्ययुगातील पॅरिशच्या लोकांच्या हाडांत मात्र माशांचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले आहे, कारण तोवर उपवासाच्या दिवशी मांसाऐवजी मासे खाण्याची प्रथा आणि माशांचा व्यापार दोन्ही जोरात होते. ज्यांच्या कातड्याची पाने होत, त्याच गुरांच्या दुधामांसावर मठ जगत होता, असे या हाडांवरून म्हणता येते.